मोडलेल्या स्टडचं तोंड

दुधनी,
संक्रांतीच्या आधीचा आठवडा

चि. बाळूस,

परवा फोनवर तू जे घाईघाईत विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून कागद घेतला. तुरीची पोती अडतीवर टाकून येताना बोलेरो पंक्चर झाली, चाक काढताना तू पान्यावर उभा राहिलास आणि मागच्या डाव्या चाकाचा एक स्टड कटकन मोडला. आता संक्रांतीला आलास की तो घरीच बदलायचा म्हणतोस. बदल की. ड्रमब्रेकच्या मागच्या चाकाचा स्टड बदलणं घरच्या हत्यारांनी सहसा जमतं.

तो मोडका तुकडा तू गाडीच्या कप्प्यात टाकून गेलास. जपून ठेवलास की फेकायचा राहिला, ते तुलाच ठाऊक. मी तो चष्मा लावून उन्हात पाहिला. नुसत्या जोरानं मोडलेल्या स्टडचं तोंड सगळीकडे सारखंच ताजं दिसतं, चमकदार आणि खरबरीत, आणि मोडण्याआधी तो थोडा ताणलेला किंवा पिळलेलाही असतो. तुझ्या तुकड्याचं तसं नाही. अर्ध्याहून जास्त तोंड गुळगुळीत आणि तपकिरी आहे, त्यावर शिंपल्यासारख्या वाकड्या रेषा आहेत. राहिलेली जेमतेम चंद्रकोर तेवढी ताजी. म्हणजे स्टड आधीच चिरलेला होता, चिरेत गंज उतरला होता. तू त्याला शेवटचा धक्का दिलास, एवढंच.

चीर कशी पडली, तेही सांगतो. दिवाळीनंतर गाणगापूरला जाताना मीच ते चाक बदललं होतं. रिमवरची वाळकी माती न पुसता चाक बसवलं, नट आवळले आणि निघालो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे असतात, हे दुसऱ्यांना सांगत आलो आणि स्वतः विसरलो. माती दबून झडली की नट तेवढेच ढिले पडतात. म्हणून स्टड मोडल्यावर पंक्चरवाल्यासमोर तुला जी लाज वाटली, तिच्यातली निम्मी माझ्या नावावर लिही.

लोकांना वाटतं की चाक स्टडवर टांगलेलं असतं. तसं नाही. नट नीट आवळलेले असले की स्टड ताणलेल्या दोरीसारखा रिमला हबवर दाबून धरतो, आणि गाडीचं ओझं त्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणावर जातं. नट ढिला झाला की रिम किंचित हलू लागते आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड इकडून तिकडे वाकतो. आपल्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे. गाणगापूरला जाऊन येईपर्यंत किती झाले, ते तू मोज. तार हातानं एकदा वाकवली तर तुटत नाही, पण इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटते. तेच हे.

हे कोडं लोकांना आगगाडीनं घातलं. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पुष्कळ माणसं गेली. पुढे वोलर नावाच्या जर्मन रेल्वे अभियंत्यानं वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एका वेळी सहज पेलवणारा भारसुद्धा पुन्हा पुन्हा आला की लोखंड मोडतं. पूर्वी रेल्वेचा माणूस लांब दांड्याच्या हातोडीनं डब्यांची चाकं ठोकत जायचा. धड चाक घंटेसारखं वाजतं, चिरलेलं भद्द वाजतं.

म्हणून एक स्टड बदलून भागणार नाही. बाकीचे चार त्याच ढिल्या चाकात वाकले आहेत, शिवाय मोडल्यावर त्याचं ओझंही त्यांनीच वाहिलं. पाचही बदलायचे, नटांसकट. नमुन्याला मोडका तुकडा पुरणार नाही, कारण डोकं आणि मानेवरचे दात अजून हबमध्ये आहेत. दुकानदाराला गाडीचं मॉडेल, साल आणि मागचं चाक, एवढं सांग. आट्यांचं माप, लांबी आणि दातांची जाडी, तिन्ही जुळायला हवीत. रिमची भोकं लंबगोल झाली असतील तर रिमही गेली म्हणून समज. ती मी बघून ठेवतो.

आता तुझ्या पान्यावर उभं राहण्याबद्दल. तू पंच्याहत्तर किलोचा, पाना तीस सेंटीमीटरचा. टोकावर नुसता उभा राहिलास तरी सव्वादोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ बसतो. मोटारींच्या नटांना साधारण ८५ ते ११० लागतो. आपला आकडा गाडीच्या पुस्तकात बघ. सोडवताना एक वेळ चालेल, आवळताना कधीही नाही. आणि आट्यांना तेल लावून आवळू नकोस. पान्यावर लावलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के जोर घर्षण खातं. तेलानं घर्षण कमी झालं की तोच जोर स्टडला भलताच ताणतो.

जोराची हौस मलाही होती. मी शिकाऊ असताना वर्कशॉपमध्ये एक जुनी विलीज जीप आली. डाव्या चाकाचा नट सुटेना. पान्याला पाइप लावला, लटकलो, आणि स्टड पिळून हातात आला. विलीजच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. मी सोडवत नव्हतो, आवळत होतो! मिस्त्री ओरडले नाहीत. कानडीत एवढंच म्हणाले, "निधान." सावकाश. मग तो स्टड त्यांनी माझ्याकडूनच बदलून घेतला.

काम असं आहे. गाडी अंगणातल्या फरशीवर घे. काळ्या मातीत जॅक रुततो. ड्रम निघायला हँडब्रेक सोडावा लागतो. मग तू म्हणशील, गाडी गिअरमध्ये ठेवतो. उपयोग नाही. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाकही गिअरला जुमानत नाही. गाडी धरून ठेवतात ते फक्त पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावलेले दगड. नट जमिनीवरच थोडे ढिले कर, मग उचल आणि आसाखाली स्टँड लाव. नुसत्या जॅकच्या भरवशावर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नकोस, ओल्या फडक्यानं पूस. जुन्या ब्रेकलायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम बाहेर असताना ब्रेकचं पॅडल कुणी दाबायचं नाही, नाहीतर सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात. तुझ्या धाकट्या बहिणीला स्टिअरिंगवर बसायची हौस आहे, तिला आधी उतरव.

स्टड हबमध्ये बसतो तो मानेवरच्या दातांनी. हब फिरवून मागे मोकळी जागा सापडेल तिथे स्टड आण आणि पितळी दांडा ठेवून हातोडीनं मागे ठोक. बेताच्या ठोक्यांनी हलला नाही, किंवा मागे जागाच नसली, तर थांब. तिथून पुढे आस बाहेर ओढावा लागतो, ते मिस्त्रीचं काम. घणाचे घाव बेअरिंगला बसले तर स्टडपेक्षा मोठं दुखणं घरात येईल.

नवा स्टड मागून घालून दात जुन्या खाचांत जुळव. पुढून चार-पाच जाड वॉशर चढव आणि एक जुना नट उलटा, सपाट बाजू वॉशरकडे करून, सावकाश आवळत स्टड आत ओढ. फक्त या ओढण्यापुरतं वॉशरमध्ये ग्रीस चालेल, नंतर सगळं पुसून काढायचं. डोकं मागे हबला टेकलं का ते बोटानं चाचप. टेकलं नसेल तर गाडी चालल्यावर ते आत सरकेल आणि नट पुन्हा ढिला, म्हणजे माझी गाणगापूरची चूक तू पुन्हा करशील.

चाक चढवताना रिम आणि ड्रम पुसून घे. नटाची निमुळती बाजू रिमकडे, आणि आवळायचं एक सोडून एक, चांदणी काढतात तसं. शेवटचा पीळ टॉर्क पान्यानंच. तो आपल्याकडे नाही, पण गॅरेजवाल्याला सांगून ठेवलंय. दुपारपुरता देतो म्हणाला.

मग आपण दोघं गाडी घेऊन अक्कलकोटला जाऊ. परत आलो की चाक गार होऊ दे आणि पाचही नट पुन्हा बघ. या खेपेला मी आठवण करून देणार नाही.

गाडी सध्या उभीच आहे, म्हणून स्टेशनवर घ्यायला कुणी येणार नाही. सोलापूरला उतरून आधी स्टड आणि नट घे, पाचाऐवजी सहा, मग पुढच्या गाडीनं ये.

तुझा,
काका