व्यापारी जागांचा सल्लागार : एक दुर्लक्षित व्यवसाय

अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात भगवान बुद्धांनी यशस्वी दुकानदाराची तीन अंगे सांगितली आहेत. तो डोळस असतो, म्हणजे माल केवढ्याला घेतला व विकल्यास किती सुटेल हे त्याला कळते. तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. आणि त्याला आधार असतो, म्हणजे धनवान लोक विश्वासाने त्याच्या हाती भांडवल देतात. दुकाने, कार्यालये, गोदामे यांच्या व्यवहारात सल्ला देणाऱ्यालाही हीच अंगे लागतात. आपल्या विद्यार्थ्यांना नोकरीपलीकडे हा व्यवसाय सहसा सुचत नाही, म्हणून हा प्रपंच.

डोळसपणाचे उदाहरण घेऊ. दुकानाचे क्षेत्र 1,000 चौरस फूट सांगितले, भाडे फुटाला 60 रुपये. मोजल्यावर चटईक्षेत्र 650 भरले. म्हणजे 60,000 रुपये भाडे वापरातील फुटाला सुमारे 92 रुपये पडले! तसेच, खर्च वजा जाता वर्षाला 6 लाख भाडे देणारी जागा 8 टक्के परताव्याच्या अपेक्षेने 75 लाखांची ठरते, 10 टक्क्यांच्या अपेक्षेने 60 लाखांचीच. (खर्च वजा करायला पुष्कळ दलाल सोयीस्करपणे विसरतात.)

कौशल्य म्हणजे कागद वाचणे : सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भोगवटा प्रमाणपत्र, करारातील कलमे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा. मात्र बँका आणि 1 कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना दिलेल्या जागांना हा कायदा लागू नाही. तेथे करारच सर्व काही. नोंदणीकृत प्रकल्पातील गाळा विकून द्यायचा तर महारेराची नोंदणी लागते, आणि 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आहे.

खरी अडचण तिसऱ्या अंगाची. कोलंबिया व लंडन येथे शिकून 1917 साली परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहकांनी पाठ फिरवली आणि तो बंद पडला. त्यानंतर 1918 मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांच्या ज्ञानात काय कमी होते? आज कायद्याचा परवाना कोणालाही मिळतो, पहिला ग्राहक मात्र परवान्याबरोबर येत नाही. तो आपल्यातील डॉक्टर, वकील, दुकानदार यांनी व्हावे, आणि मेहनताना इतरांना देतो तेवढाच द्यावा.

मुलांनी सुरुवातीला सारे शहर पालथे घालू नये. एकच बाजाररस्ता धरावा, प्रत्येक गाळ्याचे क्षेत्र, भाडे, कराराची मुदत वहीत टिपावी आणि ती दर तीन महिन्यांनी पुन्हा फिरून तपासावी.