सुप्त प्रतिमा

१९६० नंतरच्या काळात न्यूयॉर्क शहरातील गजबजलेल्या रस्त्यांवरून एक गृहस्थ लहानसा कॅमेरा घेऊन तासन्‌तास हिंडत असत. त्यांचे नाव गॅरी विनोग्रँड. घाईने चाललेले वाटसरू, कोपऱ्यावर क्षणभर थबकलेली माणसे, हे त्यांचे विषय. रस्ता कोणासाठी थांबत नाही; समोरचा प्रसंग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विरून जातो. म्हणून अशा छायाचित्रकाराला एक निर्णय घराबाहेर पडण्यापूर्वीच घ्यावा लागतो. तो म्हणजे, कॅमेऱ्यात फिल्म कोणती घालावयाची?

कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. कण बारीक असले म्हणजे चित्र नितळ उमटते, परंतु अशा फिल्मला प्रकाश अधिक लागतो. कण मोठे असले म्हणजे चित्र किंचित खरबरीत दिसते, परंतु थोड्या प्रकाशातही काम भागते. फिल्मची ही संवेदनक्षमता अंकाने दर्शवितात. १०० अंकाच्या फिल्मला जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या चौथा हिस्सा ४०० अंकाच्या फिल्मला पुरतो. त्यामुळे सावलीतल्या गल्लीतही शटर जलद चालविता येते आणि चालता माणूस पुसट होत नाही. कोडॅक कंपनीने १९५४ साली ३५ मिलिमीटर रुंदीची ट्राय-एक्स ही जलद फिल्म बाजारात आणली. रस्त्यावरील अनेक छायाचित्रकारांनी तिला आपलेसे केले. विनोग्रँडही तीच वापरीत.

शटर दाबताच फिल्मवर प्रतिमा उमटते खरी, पण ती डोळ्यांना दिसत नाही. हीच सुप्त प्रतिमा होय. तिला जागे करण्यासाठी रोल धुवावा लागतो. ही फिल्म तांबड्या प्रकाशानेही खराब होते. म्हणून मिट्ट काळोखात, केवळ बोटांच्या स्पर्शाने, ती चकरीवर गुंडाळून बंद डब्यात ठेवतात. मग डब्यात डेव्हलपर ओततात. प्रकाश लागलेले कण त्यात काळे होऊ लागतात. येथे घड्याळ आणि तापमापक हेच गुरू! इलफर्ड कंपनीची एचपी ५ प्लस ही ४०० अंकाची फिल्म आयडी-११ या डेव्हलपरात २० अंश सेल्सिअस तापमानाला साडेसात मिनिटे ठेवावी लागते. द्रव उष्ण असल्यास क्रिया वेगाने होते; म्हणून उन्हाळ्यात रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून निववतात. पुढे सौम्य आम्लाने ही क्रिया थांबवितात आणि न वापरलेले क्षार हायपोने विरघळवून टाकतात. नंतर फिल्म स्वच्छ पाण्यात धुऊन वाळत घालतात.

संध्याकाळच्या अपुऱ्या प्रकाशात काढलेला रोल डेव्हलपरात अधिक वेळ ठेवला, तर चित्र काहीसे उजळते. मात्र गडद छायेतील जो तपशील फिल्मवर मुळी उमटलाच नाही, तो कोणतेही रसायन निर्माण करू शकत नाही.

विनोग्रँड रोल लगेच धूत नसत. ते मुद्दाम वर्ष वर्ष थांबत. चित्र टिपतानाचा आनंद मनात ताजा असला, तर चांगल्यावाईटाची पारख चुकते, असे त्यांचे मत होते. ही सावधगिरी योग्यच होती. परंतु उत्तरायुष्यात चित्रे टिपण्याचा वेग वाढत गेला आणि धुण्याचे काम मागे पडत गेले. १९८४ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी ते वारले, तेव्हा सुमारे २,५०० रोल धुवावयाचे राहिले होते. एका रोलवर ३६ चित्रे धरली, तर त्यांत जवळजवळ ९०,००० प्रतिमा निद्रिस्त होत्या. पुढे इतरांनी ते रोल धुतले. प्रतिमा जाग्या झाल्या. पण त्यांतली कोणती ठेवावी आणि कोणती टाकावी, हे सांगणारा उरला नव्हता.

स्वाध्याय
१. रस्त्यावरील छायाचित्रणासाठी जलद फिल्म का निवडतात?
२. ‘येथे घड्याळ आणि तापमापक हेच गुरू!’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. विनोग्रँड रोल धुण्यास विलंब का लावीत? त्याचा लाभ व हानी तुमच्या शब्दांत लिहा.