संगणक सुरू होता होता अडल्यास

शाळेतील संगणक सुरू होता होता अडला, की सर्व पुसून प्रणाली नव्याने भरण्याचा सल्ला मिळतो. त्यात पटनोंदी व गुणपत्रके नष्ट होण्याचे भय असते. म्हणून आधी निदान करावे.

कृती : विंडोज १० व ११ मध्ये प्रवेशाच्या पडद्यावर शिफ्ट कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे. नंतर 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रीस्टार्ट' या क्रमाने जाऊन ४ ची कळ दाबावी. या 'सेफ मोड'मध्ये केवळ अत्यावश्यक आज्ञावल्या चालू होतात. येथेही संगणक अडल्यास तो जाणकारास दाखवावा. नीट चालल्यास दोष बहुधा मागाहून भरलेल्या आज्ञावलीत असतो. अशा वेळी प्रथम नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

मग 'टास्क मॅनेजर'च्या 'स्टार्टअप' यादीतील निम्म्या आज्ञावल्या बंद करून संगणक नेहमीप्रमाणे सुरू करावा. अडचण टळली, तर दोष बंद केलेल्यांत. न टळल्यास उरलेल्यांत. सदोष गटाचे पुन्हा दोन भाग करावे. यादीतील १६ पैकी एकच सदोष असेल, तर ती ४ खेपांत सापडते. तेवढीच काढून बाकीच्या पूर्ववत चालू कराव्यात.

ही कृती मुलांसमक्ष करावी. कारण कसे शोधावे, याचा तो प्रत्यक्ष पाठच होय.