थंड देशांतील अंजीर

अंजिराचें झाड मूळचें पश्चिम आशियांतील व भूमध्य समुद्राच्या कांठचें. कोरडा उन्हाळा, भरपूर ऊन व सौम्य हिंवाळा त्यास मानवतो. आपल्या पुणें जिल्ह्यांतील पुरंदर भागांत तें चांगलें रुळलें असून तेथील शेतकरी त्याचे 'खट्टा' व 'मीठा' असे दोन बहार धरतात. बाजारांत पाट्या भरून आलेलीं अंजिरें पाहिलीं म्हणजे हें फळ पिकविण्यास कांहीं विशेष विद्या लागत असेल, असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु हेंच झाड इंग्लंडसारख्या थंड देशांत गेलें असतां काय होतें, व तेथील माळी त्यापासून पिकलें फळ कसें मिळवितात, हें पाहणें बोधप्रद आहे. त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

अंजीर हें वड, पिंपळ व उंबर यांच्याच कुळांतील होय. ज्यास आपण फळ म्हणतों ती वस्तुतः एक मांसल पिशवी असून तिच्या आंत शेंकडों बारीक फुलें दडलेलीं असतात. स्मर्ना अंजिरासारख्या कांहीं जातींत या फुलांस पराग पोंचविण्यास चिलटाएवढा एक विशिष्ट कीटक लागतो. तो न आल्यास फळ कोंवळेपणींच गळून पडतें. इंग्लंडच्या थंडींत हा कीटक नांदत नाहीं. म्हणून तेथें 'ब्राउन टर्की', 'ब्रन्सविक' यांसारख्या, कीटकावांचून फळ पिकविणाऱ्या जातीच लावाव्या लागतात. ही पहिली अट झाली.

कडाक्याची थंडी हाच अंजिराचा मुख्य शत्रु, असा सामान्य समज आहे. पण पानें गळून निद्रित झालेलें मोठें झाड शून्याखालीं सुमारें १० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी बहुधा सोसतें. वरच्या फांद्या मेल्या तरी पुष्कळदां बुंध्यापासून नवे फुटवे येतात. खरी अडचण आहे ती उन्हाळ्याच्या अल्प मुदतीची. या झाडास दोन बहार येतात. पहिला गेल्या वर्षीच्या फांदीवर व दुसरा चालू वर्षीच्या नव्या फुटीवर. उष्ण देशांत एकाच वर्षांत दोन्ही पिकतात. इंग्लंडांत मात्र दुसऱ्या बहाराचीं फळें चांगलीं फुगतात न फुगतात तोंच उन्हाळा सरतो. हिरवें अंजीर तोडून आढींत घातल्यानेंही पिकत नाहीं. तीं फळें फांदीवर राहिलीं तर हिंवानें कुजतात, आणि झाडाची शक्ति मात्र व्यर्थ खर्च होते.

म्हणून तेथील जाणता माळी नोव्हेंबरच्या सुमारास जें करतो तें पाहून नवख्या मनुष्यास आश्चर्य वाटतें. तो मोठीं हिरवीं फळें सर्व काढून टाकतो, आणि शेंड्याजवळचीं वाटाण्याएवढीं किंवा त्याहून बारीक अशीं इवलींशीं फळें तेवढीं राखतो. हींच फळें हिंवाळा निभावून पुढील ऑगस्ट-सप्टेंबरांत पिकतात. झाडावर पेंढा किंवा वाळलेलें नेचें बांधतात तें मुख्यतः या बाळफळांच्या रक्षणार्थ होय. झाड दक्षिणाभिमुख भिंतीस लागून लावण्याचें कारणही हेंच. भिंत दिवसा ऊन सांठविते व रात्रीं ती ऊब परत देते.

लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांतील निष्फळ अंजिराचा दाखला आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तीन वर्षें फळ न देणाऱ्या झाडासाठीं माळी धन्याजवळ आणखी एक वर्षाची मुदत मागतो, व भोंवतीं खणून खत घालण्याचें वचन देतो. यहूदी देशाच्या कोरड्या जमिनींत तें योग्यच होतें. ओलसर व थंड देशांत मात्र कसदार जमीन व विपुल खत मिळाल्यास झाड पानांनीं माजतें आणि फळ धरीत नाहीं. तेथें मुळांना आवर घालावा लागतो. सुमारें २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून त्याच्या बाजूंस फरशा उभ्या करतात व तळाशीं विटांचे तुकडे ठोकून बसवितात. किंवा झाड मोठ्या कुंडींतच वाढवितात. जूनमध्यें नव्या फुटीस पांच-सहा पानें आलीं कीं तिचा शेंडा खुडतात. पाणी मात्र तोडूं नये. फळ वाढत असतां मुळें सुकलीं तर तें गळून पडतें. उपाय देशपरत्वें बदलला, तरी त्या माळ्याचा धीर दोहींकडे सारखाच लागतो.

पॅरिसजवळील आर्झांतई गांवचे बागाईतदार १९ व्या शतकांत याहूनही निराळी युक्ति योजीत. ते झाड ठेंगणें व अनेक फांद्यांचें ठेवीत, हिंवाळ्यापूर्वीं त्या फांद्या वांकवून चरांत निजवीत व वर माती लोटीत. वसंताच्या आरंभीं पुनः उघडीत. फळ लवकर पिकावें म्हणून त्याच्या तोंडाशीं जो बारीक 'डोळा' असतो त्यावर ते ऑलिव्ह तेलाचा एक थेंब लावीत. ही चाल फार प्राचीन. तिचें मर्म विसाव्या शतकांत उलगडलें: तेल विघटन पावतांना इथिलीन नांवाचा वायु किंचित् उत्पन्न होतो, व त्यानेंच फळ पिकूं लागतें. मात्र अंजीर मध्यंतरीं कांहीं काळ वाढ थांबवून स्तब्ध राहतें. ती अवस्था संपत आली असतांच तेल लागू पडतें, त्यापूर्वीं नव्हे.

इटलीहून न्यूयॉर्क शहरीं जाऊन वसलेल्या गरीब कुटुंबांनीं आपल्या परसांत अंजिरें लावलीं. तेथील हिंवाळा इंग्लंडहून कडक. ते लोक झाडास जुने गालिचे व घोंगड्या गुंडाळीत आणि पाणी आंत शिरूं नये म्हणून माथ्यावर बादली पालथी घालीत. कांहीं जण एका बाजूचीं मुळें तोडून सबंध झाडच चरांत आडवें पुरीत व वसंतांत उभें करीत. इतका खटाटोप चार फळांसाठीं कां, असें कोणी विचारील. परंतु मायदेश सुटलेल्या माणसास त्या फळाची गोडी बाजाराच्या तराजूंत मोजतां येत नाहीं.

आपल्या प्रशालेचे जे माजी विद्यार्थी आज थंड देशांत शिकत किंवा नोकरी करीत असतील, त्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा. एक कलम कुंडींत लावावें. पानें गळल्यावर कुंडी तळघरांत किंवा मोटारखान्यांत ठेवावी; झोपलेल्या झाडास उजेड लागत नाहीं, माती अगदीं कोरडी पडूं न देण्यापुरतें पाणी पुरे. धुक्याचे व हिंवाचे दिवस संपले कीं कुंडी उन्हांत आणावी. आणि शरदांत मोठीं हिरवीं फळें तोडतांना हात कचरला, तर शेंड्याकडील वाटाण्यांकडे पाहावें. पुढील वर्षाचें पीक तेथें आहे.