शिक्षा भोगून आलेल्याला पुन्हा संघात घ्यावे का?

प्रश्न : गुन्हा सिद्ध झालेल्या खेळाडूला पुन्हा खेळू द्यावे का?

उत्तर : आधी गुन्हा कोणता ते पाहावे. पाकिस्तानच्या मोहम्मद आमिरने २०१० मध्ये लॉर्ड्स कसोटीत पैशांसाठी ठरवून दोन नो-बॉल टाकले. पाय रेषेच्या इतका पुढे पडला, की समालोचकही चक्रावले. वय जेमतेम अठरा.

लंडनच्या न्यायालयाने २०११ मध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली. आयसीसीची पाच वर्षांची बंदी वेगळीच. २०१६ मध्ये तो परतला आणि २०१७ च्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात रोहित, विराट, धवन त्यानेच टिपले.

त्याला घेतले ते योग्यच, कारण त्याने गुन्हा कबूल केला होता. कर्णधार सलमान बटला न्यायाधीशांनी सूत्रधार ठरवले. त्याने कोवळ्या पोराला गोत्यात आणले, हे अक्षम्यच.

हिंसेच्या गुन्ह्यात मात्र पीडितेचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणत्याही मंडळाने करार करू नये.