पाटी लावण्याआधी

प्रश्न : मानसशास्त्रात एम.ए. केलंय, तीन महिन्यांचा ऑनलाइन समुपदेशन कोर्सही झालाय. दारावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावू का?

उत्तर : कृपा करून लावू नका. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नोंदणीविना व्यवसाय केल्यास १९९२च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. पण मला जास्त काळजी रुग्णाची वाटते. झोप उडालेला माणूस समोर बसतो, तेव्हा मुळाशी नैराश्य आहे की थायरॉइड, ही शंका वेळेवर यायला हवी. ती नजर वरिष्ठांच्या देखरेखीखाली, वॉर्डात रुग्ण पाहूनच येते. तेव्हा परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रमच निवडा. प्रवेशाआधी संस्थेचं नाव परिषदेच्या यादीत स्वतः तपासा. नुसत्या माहितीपत्रकावर विसंबू नका.