पक्का रस्ता

मंडळी, शहापूर-मुरबाडकडे आपण रोज म्हणतो, 'हा रस्ता कच्चा, तो रस्ता पक्का.' पण पक्का म्हणजे काय? चला, आज आपण हा शब्द नीट समजून घेऊ.

'पक्का' हा शब्द संस्कृतातल्या 'पक्व' या शब्दापासून आला. पक्व म्हणजे पिकलेले, शिजलेले. भट्टीत भाजलेली वीट पक्की. न भाजलेली वीट कच्ची, ती पावसात विरघळते. रस्त्याचेही तसेच आहे. नुसत्या मातीच्या रस्त्याचा आषाढात चिखल होतो. गाडी रुतते, मुलांची शाळा बुडते. अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून खांद्यावरून न्यावे लागते. आपल्या काही पाड्यांवर आजही ही पाळी येते.

वाट बांधून काढण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे गाव लागते. तिथून जवळच नाणेघाटाची वाट वर चढते. सुमारे २००० वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, या वाटेने कोकणातल्या बंदरांचा माल जुन्नरकडे जाई. या चढावर आजही दगड बसवलेले दिसतात. असे दगड बसवण्याला 'फरसबंदी' म्हणतात. 'फर्श' हा अरबी शब्द, त्याचा अर्थ अंथरलेली वस्तू. 'बंदी' हे फारसी, त्याचा अर्थ बांधणे. म्हणजे फरसबंदी हे दगडांचे बांधलेले अंथरूण! आपल्या घरातली 'फरशी' याच कुळातली.

मग खडीचा रस्ता आला. स्कॉटलंडमध्ये १७५६ साली जन्मलेल्या जॉन मॅकॅडम यांनी त्याची रीत घालून दिली. ते म्हणत, जमीन कोरडी ठेवा, म्हणजे ती कितीही ओझे पेलेल. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच करायचा. मधे किंचित फुगीर ठेवायचा. त्यावर फोडलेली खडी घालायची. गोल गोटे नकोत, ते घसरतात. खडीला कोपरे असतात, ते एकमेकांत अडकून घट्ट बसतात. आज अशी खडी पसरून, पाणी मारून, रोलर फिरवतात. हेच खडीकरण. कामाच्या कागदावर 'डब्ल्यू. बी. एम.' असे लिहितात. त्यातला 'एम' म्हणजे हे मॅकॅडमच, बरं का!

खडीवर डांबर घातले की झाले डांबरीकरण. मलाय भाषेत 'दामार' म्हणजे झाडाची राळ. होड्यांच्या फटी बुजवायला ती वापरत. त्यावरूनच आपला 'डांबर' शब्द आला असे मानतात. आता रस्त्याचे डांबर खनिज तेलापासून मिळते, पण काम तेच, पाणी आत शिरू न देणे.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. डांबर हे रस्त्याचे छप्पर आहे. खाली खडी धड बसली नसेल आणि बाजूला गटार नसेल, तर नुसत्या काळ्या रंगाने रस्ता पक्का होत नाही. पहिल्याच पावसात खड्डे पडतात. पाणी हा रस्त्याचा वैरी आहे.

आता तुम्हांला वाचता येते. गावात रस्त्याचे काम निघाले की तिथला फलक वाचा. खडीकरण आहे की डांबरीकरण? लांबी किती? खर्च किती? मोरी आहे का? मग डोळ्यांनी पाहा आणि ग्रामसभेत विचारा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. त्या कायद्याने कामाचे कागद पाहण्याचा, कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेण्याचा हक्क आपल्याला आहे. अर्ज साध्या कागदावर लिहिता येतो.

शब्द कळला म्हणजे काम कळते. काम कळले म्हणजे विचारायला धीर येतो. एकट्याने विचारायला संकोच वाटला, तर चौघांनी मिळून जा.

हे शब्द वाचा आणि लिहा: कच्चा, पक्का, फरसबंदी, खडीकरण, डांबरीकरण, गटार, मोरी, ग्रामसभा.